विश्लेषण : लेथवर आलेली ‘नुसती नळी’ जिवाशी आणि कायद्याशी खेळ कशी ठरते?

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपमध्ये कामाचा नमुना हल्ली कागदावर कमी, मोबाइलवर जास्त येतो. एक रेखाचित्र, दोन-तीन फोटो, मापे आणि ‘पाच नग, अर्जंट’ असा निरोप. बुश असो, फ्लँज असो की पाइप, तो शेवटी कशावर बसणार हे विचारण्याची फारशी पद्धत नाही. माप आणि भाव जुळला की जॉब मशीनवर चढतो. अशाच एखाद्या दिवशी ॲल्युमिनियमच्या, बाजूंनी लांबट खाचा असलेल्या नळीचे चित्र आले आणि ‘एअरगनचे कव्हर आहे, नुसती नळी आहे’ असे सांगितले गेले, तर? ती आखूड बंदुकीच्या सप्रेसरवर चढवायची असू शकते. तसे असेल तर ती वापरणाऱ्याच्या हाताला धोका आहे आणि बनवणाऱ्याच्या आयुष्याला त्याहून मोठा. हा धोका नेमका कोणता, कायदा काय सांगतो आणि वर्कशॉपचालकाने काय करावे, याविषयी…

हँडगार्ड आणि सप्रेसर म्हणजे काय?

हँडगार्ड म्हणजे बंदुकीच्या नळीभोवती बसवलेले आवरण. गोळ्या सुटू लागल्या की नळी तापते. पुढचा हात भाजू नये आणि बंदूक घट्ट धरायला जागा मिळावी, हे त्याचे काम. मोटारसायकलच्या सायलेन्सरला पोटरी लागून भाजू नये म्हणून त्यावर पत्र्याचे गार्ड असते, तसाच हा प्रकार.

सप्रेसर म्हणजे बोलीभाषेतला बंदुकीचा सायलेन्सर. नळीच्या तोंडाला आट्यांवर किंवा खटक्याने बसणारा हा लांबट डबा असतो. आत एकामागे एक पडदे आणि मधोमध गोळी जाईल एवढीच वाट. गोळी निघून जाते; तिच्यामागचा तप्त वायू मात्र पडद्यांमध्ये अडतो, रेंगाळतो, थोडा थंड होतो आणि मग बाहेर पडतो. त्यामुळे आवाज आणि ज्वाला कमी होते. गाडीचा सायलेन्सर आणि हा सप्रेसर एकाच विचारातून आले आहेत. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याला १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले आणि त्याने इंजिनांच्या सायलेन्सरवरही काम केले. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम हा त्याचा पिता.

सिनेमात सायलेन्सर लावलेली बंदूक ‘फुस्स’ करते. प्रत्यक्षात तसे होत नाही. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि चांगला सप्रेसर त्यातून साधारण २० ते ३० डेसिबल कमी करतो. उरलेला आवाजही कानाला इजा करू शकतो. म्हणूनच सप्रेसर असतानाही प्रशिक्षित नेमबाज कानांवर संरक्षक साधन लावतात.

नळी आखूड झाली की काय बदलते?

अमेरिकी एम-१६ रायफलची मूळ नळी २० इंचांची. तिच्याच घराण्यातील एम-४ कार्बाइनची १४.५ इंचांची आणि त्याहून आखूड अवताराची १०.३ इंचांची. खोलीत, जिन्यात किंवा वाहनात वावरताना आखूड शस्त्र सोयीचे पडते, पण त्याची किंमत मोजावी लागते. काडतुसातली दारू जळून तयार झालेल्या वायूला फैलावायला लांब नळीत पुरेशी जागा मिळते. आखूड नळीत गोळी तोंडाबाहेर पडते तेव्हा वायूचा दाब बराच जास्त असतो आणि काही दारू अजून जळत असते. ज्वाला मोठी, धक्का मोठा आणि आवाजही मोठा.

आता त्याच तोंडावर सप्रेसर बसवला, तर हा सगळा दाब आणि उष्णता त्या डब्यात शिरते. तो लवकर तापतो, आतले पडदे लवकर झिजतात. काही वायू उलटा मागे येतो. त्यामुळे बंदुकीची आतली यंत्रणा नेहमीपेक्षा जोरात मागेपुढे होते आणि काजळी, शिशाचे सूक्ष्म कण व धूर नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. याचा अर्थ असा की आखूड नळी आणि सप्रेसर ही जोडी मुळातच नाजूक आहे. तिच्यावर तिसरी वस्तू चढवताना चूक व्हायला फारशी जागा उरत नाही.

लांब हँडगार्डमध्ये सप्रेसर दडवला की धोका कोणता?

लांब हँडगार्ड वापरण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. आखूड बंदुकीवर पुढच्या हाताला जागा कमी पडते. हात घसरून नळीच्या तोंडापुढे जाण्याची भीती असते आणि तापलेल्या सप्रेसरला बोटे लागतात. लांब हँडगार्ड सप्रेसरवरून पुढे नेला की हे दोन्ही प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. पण त्यातून चार नवे प्रश्न उभे राहतात.

पहिला, उष्णतेचा. उघडा सप्रेसर हवेत थंड होतो. आवरणाखाली गेला की ती वाट अडते. काही वेळाने ॲल्युमिनियमचे आवरणच तापते. त्याला लावलेले प्लॅस्टिकचे भाग मऊ पडतात, जवळून गेलेली बॅटरीवरच्या दिव्याची वायर वितळते. भाजू नये म्हणून बसवलेली वस्तूच हात भाजते.

दुसरा, स्पर्शाचा. असा हँडगार्ड बहुतेकदा फक्त मागच्या टोकाला पक्का केलेला असतो आणि नळीला कुठेही टेकत नाही. तो जितका लांब, तितका पुढच्या टोकाला जास्त वाकतो. हाताने दाबला किंवा भिंतीला टेकवला आणि आतली फट अपुरी असली, तर तो सप्रेसरला टेकतो. एखादा स्क्रू आत जास्त उतरला असला तरी तेच होते. लेथवर काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको : जॉब एका बाजूने दाबला की सेंटर आउट होतो. इथे आउट गेलेल्या वाटेवरून सेकंदाला शेकडो मीटर वेगाने गोळी जाते. ती पडद्याला किंवा डब्याच्या टोकाला घासली तर निदान नेम चुकतो. वाईटात वाईट म्हणजे डबा फाटतो, आणि त्याभोवती अर्ध्या इंचावर नेम धरणाऱ्याचा हात असतो.

तिसरा, न दिसण्याचा. आट्यांवर बसवलेली वस्तू कंपने आणि उष्णतेने सैल होते, हे कोणताही मेकॅनिक जाणतो. उघडा सप्रेसर डोळ्यांना दिसतो, थंड झाल्यावर हाताने तपासता येतो. हँडगार्डखाली गेलेला सप्रेसर अर्धा आटा सैल झाला तरी कळत नाही. या चारांतला हा सर्वांत गंभीर धोका, कारण बाकीच्या तिघांची सूचना मिळते, याची मिळत नाही.

चौथा, लांबीच्या भ्रमाचा. बाहेरून बंदूक लांब दिसते, आतली नळी मात्र आखूडच असते. सप्रेसरचे टोक हँडगार्डच्या आतच संपत असेल, तर बाहेर पडणारा तप्त वायू आवरणाच्या आतल्या बाजूवर आदळतो आणि तिथे लावलेल्या प्रत्येक वस्तूला धक्का देतो. शस्त्राचे खरे तोंड कुठे आहे, हे पाहणाऱ्याला आणि कधी कधी धरणाऱ्यालाही कळत नाही.

मग सैन्यदले अशी शस्त्रे कशी वापरतात?

आखूड शस्त्रांची गरज लष्कराला आहेच आणि त्या कामात महाराष्ट्राचा वाटाही आहे. पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था म्हणजे एआरडीई, आणि महू येथील लष्कराची इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून ‘अस्मी’ हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल विकसित केले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकाराने चार महिन्यांत तयार झालेले हे शस्त्र जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याच्या वरच्या भागासाठी विमानात वापरतात त्या दर्जाचे ॲल्युमिनियम आणि खालच्या भागासाठी कार्बन फायबर वापरले आहे. घोड्याचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने घडवले गेले.

जर्मन बनावटीच्या एमपी-५ एसडी या शस्त्रात तर सप्रेसर मूळ रचनेतच नळीभोवती बसवलेला आहे आणि त्याच्या मागच्या भागावर हाताचे आवरण आहे. पण ते आवरण कोणी नंतर बसवलेले नाही. नळी, सप्रेसर, आवरण आणि काडतूस यांचा विचार कारखान्यात एकत्र झाला, हजारो फैरी झाडून तो तपासला गेला. पुढे असे शस्त्र वापरणाऱ्या दलात किती फैरींनंतर काय तपासायचे, काय बदलायचे याचे वेळापत्रक असते आणि ते पाळणारा शस्त्रागाराचा प्रशिक्षित कारागीरही असतो. व्हिडीओ पाहून जोडलेल्या बंदुकीमागे यातले काहीच नसते.

त्या व्हिडीओंतून मनोरंजनाखेरीज आणखी एक गैरसमज पसरतो. बहुतेक व्हिडीओ अमेरिकेतले असतात. तिथे १९३४ च्या राष्ट्रीय कायद्यानुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल आणि सप्रेसर यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी आणि तपासणी मात्र कायम राहिली. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा ‘छंद’ तिथेही सरकारी नोंदीतूनच जातो. भारतात तर त्या छंदाला दारच नाही.

भारतातला कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचली की अनेकांना धक्का बसेल. गोळी झाडणारे हत्यार म्हणजे अग्निशस्त्र, हे झालेच. पण त्याच व्याख्येत झाडण्याचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेले अथवा जुळवून घेतलेले साधनही येते. म्हणजेच कायद्याच्या नजरेत सप्रेसर हा बंदुकीचा दागिना नाही. तो स्वतःच अग्निशस्त्र आहे. शस्त्र नियमांच्या वर्गवारीतही तो पहिल्याच प्रवर्गात ठेवला आहे. शेताच्या किंवा जिवाच्या रक्षणासाठी स्थानिक पातळीवर मिळणाऱ्या परवान्यात तो बसत नाही.

त्याच व्याख्येत अग्निशस्त्राचे ‘भाग’ आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. नुसता हँडगार्ड हा असा भाग ठरतो का, यावर न्यायालयात वाद घालता येईल. पण सप्रेसर आत बसेल अशा मापाने, बंदुकीच्या नळीवर बसवण्यासाठी, परवाना नसलेल्या माणसासाठी बनवलेली नळी हातात असताना तो वाद घालणे सोपे नाही.

कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणे, विकणे, दुरुस्त करणे किंवा त्यात बदल करणे यास मनाई आहे. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. एका प्रवर्गातले शस्त्र दुसऱ्या प्रवर्गात बदलण्यासही २०१९ च्या दुरुस्तीने तिथेच मनाई झाली. मराठवाड्यात शेतरक्षणासाठी घेतलेल्या बारा बोअरच्या बंदुका आहेत. अशा गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांच्या आत आली, की ती थेट पहिल्या प्रवर्गात जाते.

शिक्षा काय? बेकायदा निर्मिती, विक्री, बदल किंवा नळी आखूड करणे यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. पूर्वी हीच शिक्षा तीन ते सात वर्षे होती. गुन्हा कंपनीकडून घडला तर कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. ‘ऑपरेटरने केले, मला माहीत नव्हते’ हे मालकाला सिद्ध करावे लागते.

‘एअरगनसाठी आहे’ म्हटले तर चालते का?

एअरगनचे नाव घेतले की बरेच जण निर्धास्त होतात. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरे. त्यापुढच्या एअरगनला मात्र परवाना लागतो. शिवाय धातूच्या नळीला आपण कोणत्या बंदुकीवर बसणार हे कळत नाही. एअरगनसाठी म्हणून घडवलेला सप्रेसर उद्या गावठी कट्ट्यावर बसला, तर तपास तो घडवणाऱ्या मशीनपर्यंत येतो. ‘मला तसे सांगितले होते’ हा खुलासा न्यायालयात मांडता येतो, पण तोवर अटक, जामीन, जप्त झालेले मशीन आणि थांबलेली इतर कामे हे सगळे सोसून झालेले असते.

ही भीती हवेतली नाही. मे २०१८ मध्ये शहरात दंगल झाली. त्यानंतर काही दिवसांतच ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी कुरिअरमार्फत आलेल्या मालातून जप्त केले. शस्त्र घरपोच येऊ शकते, हे शहराने तेव्हा पाहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावात छापा घालून गावठी पिस्तुले बनवणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुण्यात सापडलेल्या पिस्तुलांचा माग थेट ती घडवणाऱ्या भट्टीपर्यंत निघाला. हातोडी आणि भात्याच्या भट्टीला जे जमते, ते सीएनसी मशीनला अधिक सफाईने जमेल, हे गुन्हेगारालाही कळते. म्हणून अचूक काम करणाऱ्या वसाहतीने अधिक सावध असायला हवे.

वर्कशॉपचालकाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे विचारावे. टॉलरन्स किती, हे विचारण्याआधी ‘हे कशावर बसणार?’ हा प्रश्न विचारण्यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही. संरक्षण खात्याचे खरे काम घेऊन येणारा माणूस खरेदी आदेश, कंपनीचे नाव, जीएसटी क्रमांक आणि परवान्याची प्रत घेऊन येतो. रोखीने पैसे, नाव न सांगता निरोप, रेखाचित्रावर शीर्षक नाही आणि ‘बिल नको’ ही चार लक्षणे एकत्र दिसली, तर काम नाकारणे शहाणपणाचे.

दुसरी, चित्र ओळखायला शिकावे. एका रांगेत ओवायचे शंकूच्या आकाराचे पडदे आणि त्यांच्या मधोमध सारख्या मापाचे भोक, एका टोकाला आटे असलेला बंद डबा, बाजूंनी सारख्या अंतरावर लांबट खाचा असलेली जाड नळी, असे काही दिसले की थांबावे. ‘ऑइल फिल्टरचे भाग’ किंवा ‘एअरगन कव्हर’ हे शब्द चित्राबरोबर आले म्हणून चित्र बदलत नाही. हे ऑपरेटर आणि टर्नर यांनाही सांगून ठेवावे. रात्रपाळीतला ‘खासगी जॉब’ मालकाच्या नकळत मशीनवर चढतो.

तिसरी, कळवावे. या कायद्याखालील गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या प्रत्येकाने जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्यांना माहिती द्यावी, असे कलम ३६ सांगते. सबळ कारणाशिवाय गप्प बसणे हेही कायद्याला मान्य नाही. आलेले निरोप आणि चित्र पुसून टाकण्याऐवजी तसेच ठेवावे. प्रामाणिक कारखानदाराचा तोच पुरावा आहे.

परवानाधारकाने काय लक्षात ठेवावे?

ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठी नियम साधे आहेत. शस्त्र ज्या रूपात परवान्यावर नोंदले आहे, त्याच रूपात ठेवावे. नळी, तोंड, घोडा यांना घरी हात लावू नये. दुरुस्ती परवानाधारक शस्त्र कारागिराकडेच करावी. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. तोंड माणसाकडे नको, नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर नको. काडतुसे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात ठेवावी.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना मुंबईतील घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. कोणताही बदल न केलेले, परवान्याचे शस्त्र एका निसटत्या क्षणी एवढे करू शकते. मग आतून सैल झालेला, बाहेरून न दिसणारा आणि कोणीच न तपासलेला भाग बसवलेले शस्त्र काय करेल, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

वारसाने आलेली जुनी बंदूक घरात असेल आणि परवाना नसेल, तर ती लपवू नये, कापू नये, फेकूही नये. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय कायद्यातच आहे. परवान्याबाबत शंका असेल तर शहर हद्दीत पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय येथे विचारावे.

प्रश्न खरा कोणाचा?

रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या वसाहतींनी या शहराला अचूक कामाची ओळख दिली. संरक्षण क्षेत्राची कामे मिळावीत, ही इथल्या लघुउद्योजकांची इच्छा रास्त आहे. पण त्या क्षेत्रात अचूकतेइतकीच विश्वासाची किंमत असते. एका वर्कशॉपमधून निघालेला एक बेकायदा नग शेजारच्या पन्नास वर्कशॉपच्या ऑर्डरवर संशय आणू शकतो. उद्योजकांच्या संघटनांनी सुरक्षिततेच्या आणि कराच्या शिबिरांबरोबर या विषयावर तासाभराचे एक सत्र घेतले, पोलिसांनी ओळखण्याजोग्या भागांची चित्रे वसाहतीत लावली, तर त्याला खर्च फारसा नाही. कामगाराला दोष देण्याआधी त्याला माहिती देणे हे यंत्रणेचेच काम आहे.

पाच नगांच्या कामातून सुटणारे पैसे काही हजार असतील. समोर मात्र एकीकडे कोणाचा तरी हात आहे, दुसरीकडे सात वर्षे. ती नळी मशीनवर चढण्याआधी हा हिशेब एकदा मांडला, तर ‘जमणार नाही’ हे दोन शब्द उच्चारणे कोणत्याही कारखानदाराला जड जाऊ नये.